कुट्टीयंत्र घ्यावे की न घ्यावे? : लहान गोठ्याचा जमाखर्च

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत घसारा, व्याज, स्थिर खर्च, बदलता खर्च हे शब्द पानोपानी भेटतात. परंतु त्यांची उदाहरणे असतात ती कारखान्यांची आणि पेढ्यांची. गोठ्याचे उदाहरण सहसा कोणी देत नाही. वास्तविक आपल्या सीमाभागातील कितीतरी घरांत मीठमिरची आणि मुलांची फी दुधाच्या बिलातून भागते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार आपल्या देशातील शंभरांपैकी सुमारे ८६ शेतजमिनी दोन हेक्टरांहून लहान आहेत आणि सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर आहे. अशा शेतावर दोन-तीन जनावरांपेक्षा जास्त जनावरे क्वचितच असतात. मात्र कृषिप्रदर्शनात मांडलेली यंत्रे पाहिली आणि विक्रेत्याचे बोलणे ऐकले, की तीन जनावरांच्या मालकालाही आपला गोठा तीस जनावरांचा वाटू लागतो. हप्ता मात्र तीन जनावरांच्याच दुधातून फेडावा लागतो. म्हणून काय घ्यावे, किती मोठे घ्यावे आणि कोणत्या क्रमाने घ्यावे, याचा थोडा विचार येथे करू.

प्रथम जनावर पाहावे

अवजार जनावरासाठी असते, जनावर अवजारासाठी नव्हे. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यातील पंढरपुरी म्हैस घ्या. तिची तलवारीसारखी लांब शिंगे पाठीवरून मागे खांद्यांपलीकडे जातात. आखूड शिंगांच्या जर्सी किंवा होल्स्टीन संकरित गाईसाठी बनविलेली, मान अडकविणारी लोखंडी चौकट या म्हशीच्या काय उपयोगाची? तिला दावे आणि मोकळी जागाच बरी. उलट खिलार बैल चपळ आणि तापट; त्याला वेसण व भक्कम खुंटा लागतो. तेव्हा खरेदीला निघण्यापूर्वी आपल्या जनावराच्या शिंगांची, खांद्याची व लांबीची मापे सुतळीने घेऊन ठेवावीत.

पाणी आणि गव्हाण

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे पाण्याची डोण. दुभत्या जनावराला दिवसाला पन्नास लिटरांहून अधिक पाणी लागू शकते. उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. दिवसातून दोनदा बादली दाखविणे आणि हवे तेव्हा पाणी मिळणे यांत फरक आहे. पाणी कमी पडले की जनावर वैरण कमी खाते आणि दूध घटते. मग पेंडेचा खर्च वाढवून उपयोग होत नाही.

त्यानंतर गव्हाण. (कानडीत हिला गोदली म्हणतात, दावणीला मात्र दोन्ही भाषांत जवळजवळ एकच शब्द आहे.) प्रौढ जनावरामागे गव्हाणीची लांबी साधारण दोन ते अडीच फूट असावी. तळ जमिनीपासून थोडा उंच, आतले कोपरे गोलसर आणि पृष्ठभाग गुळगुळीत असला म्हणजे शिळी वैरण साचून आंबत नाही. जनावराच्या बाजूची भिंत फार बुटकी असेल तर वैरण बाहेर ओढली जाते, पायाखाली येते आणि शेणात जाते. पुष्कळ गोठ्यांत जी नासाडी 'कुट्टी नाही म्हणून' होते असे सांगतात, तिचा मोठा भाग चांगली गव्हाण बांधून आणि वैरण तीन-चार वेळा थोडी थोडी टाकून थांबविता येतो. चार पाट्या वाळू आणि एक पोते सिमेंट हे यंत्रापेक्षा केव्हाही स्वस्त.

खोडा

लाळ्या-खुरकुताची लस सहा महिन्यांनी टोचावी लागते. त्यासाठी २०१९ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हाही गावोगाव लसीकरण करावे लागले. याशिवाय कृत्रिम रेतन, खुरे कापणे, औषध पाजणे ही कामे आहेतच. जनावर नीट धरलेले नसले तर डॉक्टरला लाथ बसते, सुई मोडते किंवा जनावरच पडून जखमी होते.

खोडा महत्त्वाचा खरा, पण तो वर्षातून किती वेळा वापरला जाणार? दोन जनावरांच्या मालकाने स्वतंत्र लोखंडी खोडा घेण्यात अर्थ नाही. गल्लीत किंवा दूध संस्थेच्या आवारात एक सामाईक खोडा असावा. खोड्याखालची जमीन घसरडी नसावी. पाय घसरू लागला की शांत जनावरही बिथरते. गाई-म्हशींचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्यांना ठीक पाठीमागचे सोडल्यास जवळजवळ सगळीकडचे दिसते. अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी दाखवून दिले आहे, की लोंबती साखळी, जमिनीवरची गडद सावली, फडफडणारे कापड अशा क्षुल्लक गोष्टींनी जनावर अडून बसते. काठी मारण्याआधी ते कशाला बुजले हे पाहावे.

कुट्टीयंत्राचा हिशोब

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. चारशे किलो वजनाच्या दुभत्या गाईला दिवसाला दहा ते बारा किलो कोरडा अंश लागतो. तो वाळल्या कडब्यात पुष्कळ असतो, हिरव्या वैरणीत पाणीच जास्त असते. आखा कडबा टाकला तर जनावर पाने ओरबाडून खाते आणि जाड ताटे तशीच टाकते. कुट्टी केली म्हणजे ताटेही खाल्ली जातात. यंत्राचा खरा फायदा हा इतकाच. प्रश्न असा, की या फायद्याचे रुपये किती?

हिशोबासाठी काही आकडे गृहीत धरू; प्रत्येकाने त्या जागी आपल्या घरचे आकडे घालावेत. समजा, दोन अश्वशक्तीचे विजेचे यंत्र २०,००० रुपयांना मिळाले. ते दहा वर्षे चालेल आणि मोडीत २,००० रुपये येतील. घसारा वर्षाला १,८०० रुपये. गुंतलेल्या सरासरी ११,००० रुपयांवर दहा टक्क्यांनी व्याज १,१०० रुपये. पाती व दुरुस्ती १,२०० रुपये. एकूण स्थिर खर्च ४,१०० रुपये. जनावर एक असो वा दहा, हा खर्च चुकत नाही.

बदलता खर्च विजेचा. दोन अश्वशक्ती म्हणजे सुमारे दीड किलोवॅट. एका जनावराच्या वैरणीला दिवसाला दहा मिनिटे धरली तर पाव युनिट लागते. कोरडी वैरण वर्षातून २४० दिवस घातली आणि वीज सात रुपये युनिट असली, तर जनावरामागे ४२० रुपये होतात. आता बचत पाहू. कुट्टीमुळे जनावरामागे रोज एक किलो कडबा वाचला आणि त्याचा भाव पाच रुपये किलो असला, तर वर्षाला १,२०० रुपये वाचतात. त्यातून विजेचे ४२० वजा जाता प्रत्येक जनावर स्थिर खर्च भरून काढण्यास ७८० रुपये देते. ४,१०० ला ७८० ने भागले तर सव्वापाच येतात. म्हणजे सहा जनावरे असल्याशिवाय यंत्र स्वतःचा खर्चही काढीत नाही! तीन जनावरांच्या मालकाला वर्षाला १,७६० रुपयांची खोट बसेल.

परंतु हाच हिशोब रोज दोन किलो वाचतात असे धरून करा. जनावरामागे शिल्लक १,९८० रुपये होते आणि तीन जनावरांतच यंत्र फायद्यात येते. म्हणजे सगळा निर्णय एकाच आकड्यावर अवलंबून आहे, आणि तो आकडा विक्रेत्यापाशी नसून आपल्या गव्हाणीत आहे. सात दिवस रोज सकाळी टाकून दिलेली ताटे तागडीने तोलावीत. गव्हाण सुधारून पुन्हा सात दिवस तोलावीत. त्यानंतर उरलेल्या नासाडीपैकी जेवढी कुट्टीने खरोखर वाचेल तेवढीच बचत धरावी.

हाताच्या यंत्राचे काय? ते ८,००० रुपयांना मिळाले आणि मोडीत १,००० आले असे समजू. घसारा ७००, व्याज ४५० आणि दुरुस्ती ५०० मिळून खर्च १,६५० रुपये. तीन जनावरांमागे रोज तीन किलो वाचले तर बचत ३,६००; शिल्लक १,९५० रुपये. कागदावर हा नफा दिसतो. पण चाक फिरवायला एक आणि वैरण घालायला एक अशी दोन माणसे रोज अर्धा तास लागली, तर २४० दिवसांत २४० तास होतात. तासाला पडले आठ रुपये! हे तास बहुधा आईचे आणि बहिणीचे असतात, आणि घरच्या वहीत त्यांच्यासाठी रकाना नसतो. यंत्र विकत घेणारा एक आणि चालविणारी दुसरी, असे जेथे असेल तेथे चालविणारीला विचारल्याशिवाय खरेदी करू नये. चाकाची उंची तिच्या खांद्याला झेपते की नाही, हे तिनेच सांगावे.

दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एक विजेचे यंत्र घेणे हा पुष्कळ ठिकाणी उत्तम मार्ग ठरेल. मात्र पाळी, वीजबिल आणि पात्यांचा खर्च आधीच वहीवर लिहून घ्यावा. नाहीतर कडबा वाचेल आणि शेजार मोडेल.

बोटांची किंमत

या जमाखर्चात न मावणारी एक गोष्ट आहे. कुट्टीयंत्र बोटे, प्रसंगी हातही तोडते. आपल्या संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, तो मुख्यतः मळणीयंत्रांवरील अशा अपघातांमुळेच. यंत्र घेताना वैरण घालण्याची नळी लांब आणि वरून झाकलेली आहे का, अडकलेली वैरण उलट फिरवून काढता येते का, चाकाला व पट्ट्याला जाळी आहे का, हाताच्या यंत्राला चाक अडविण्याची खीळ आहे का, हे पाहावे. या सोयींसाठी चार पैसे जास्त पडले तरी घासाघीस करू नये. पदर, ओढणी आणि सैल बाह्या खोचून घ्याव्यात. काम संपल्यावर खीळ लावावी, म्हणजे मुले चाकाशी खेळणार नाहीत. पेंडीला बांधलेली तार आधी काढावी. तारेचा तुकडा वैरणीबरोबर पोटात गेला तर जनावराचे जठर टोचून ते दगावू शकते.

कुट्टी फार बारीकही नसावी. दोन-तीन सेंटिमीटर लांबी पुरते. पिठासारख्या वैरणीने रवंथ कमी होतो आणि दुधाची फॅट उतरते. संस्थेत दर तर फॅटवरच ठरतो.

दूध काढण्याचे यंत्र

हे सर्वांत शेवटी. ते निर्वात पोकळीच्या ओढीने व ठरावीक ठोक्यांनी दूध काढते. दोन-तीन जनावरांची धार हाताने काढून होते तेवढ्याच वेळात यंत्राच्या नळ्या व रबरी कप धुऊन होतात. आणि नीट धुतले नाहीत तर कासदाह एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. शिवाय वीज गेली की हातच उपयोगी. दहा-बारा दुभती जनावरे असतील, किंवा धार काढणाऱ्याची बोटे आखडली असतील, तर मात्र त्याचा जरूर विचार करावा.

तात्पर्य, क्रम असा असावा : पाणी, गव्हाण, सामाईक खोडा, मग कुट्टी आणि अखेरीस धारेचे यंत्र. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण जुनी आहे; आपण वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी त्या अंथरुणाचे माप घ्यायला शिकले पाहिजे. सुट्टीत घरी गेल्यावर एक तागडी आणि एक वही घेऊन आठवडाभर गोठ्यात बसावे. परीक्षेत गुण मिळणार नाहीत. पण घरच्यांचा एखादा चुकीचा हप्ता वाचला, तर शिकल्याचे सार्थक झाले म्हणता येईल.