संशोधकाचा प्रभाव कशावरून ओळखायचा?

ठाणे, डोंबिवली, कल्याणहून लोकलने माटुंग्याच्या आयसीटीत शिकायला जाणाऱ्या मुलांनो, संशोधकाचा मोठेपणा निव्वळ शोधनिबंधांच्या किंवा त्यांना मिळालेल्या संदर्भांच्या संख्येवरून ठरवू नका. याच संस्थेतून, म्हणजे तेव्हाच्या यूडीसीटीतून, १९६९मध्ये पीएच.डी. झालेल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांचं पॉलिमरमधलं काम बघा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ते, आशिष लेले आणि तिथेच पीएच.डी. केलेल्या शायनी वर्गीस यांनी पाणी धरून ठेवणाऱ्या जेलवर काम केलं. धातूच्या आयनांमुळे सांधल्या जाणाऱ्या जेलवरचा त्यांचा निबंध २००६मध्ये आला. पुढे वर्गीस अमेरिकेत सॅन दिएगोला प्राध्यापक झाल्या. त्यांच्या २०१२च्या निबंधातल्या जेलचे कापलेले तुकडे आम्लात एकमेकांना टेकवले की काही सेकंदांत जुळतात आणि अल्कलीत पुन्हा सुटतात! सहलेखकांत लेले आणि माशेलकर आहेतच.

कुणी म्हणेल, संदर्भसंख्या निदान तपासता तरी येते. खरंय, ती बघावीच. पण एक विचार गुरूकडून शिष्याकडे जाऊन कसा वाढला, हे त्या आकड्यात दिसत नाही. निबंधांवरची नावं वर्षांच्या क्रमाने वाचली की दिसतं. म्हणून गाइड निवडताना त्यांचे जुने विद्यार्थी आज काय करतात, ते आधी शोधा.