मौन आणि अबोला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इगतपुरी म्हटले की मुंबईच्या माणसाला कसारा घाट आठवतो. घाट चढून दमलेली गाडी तिथे जरा विसावते, लोक उतरून चहा पितात आणि परत गाडीत चढतात. त्या गर्दीत काही माणसे मात्र तिथेच राहतात. हातात एक पिशवी, अंगावर शाल आणि चेहऱ्यावर परीक्षेला निघालेल्या मुलाचा भाव. ही मंडळी धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला आलेली असतात. २०१८ च्या डिसेंबरात मीही त्यांच्यातलाच एक होतो.

घरून निघताना बायकोने विचारले होते, "दहा दिवस गप्प बसायला एवढ्या लांब कशाला जायला हवं? भावाशी आठ वर्षं घरबसल्या गप्पच आहात की!" कोकणातले घर आणि त्यामागची नारळीची वाडी यांच्या वाटणीवरून धाकट्या भावाचे आणि माझे बोलणे बंद झाले होते. तिचे म्हणणे मी हसण्यावारी नेले, पण ते गाडीत माझ्याबरोबर आले.

साधनेसाठी चार माणसांनी एकत्र येऊन राहायचे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पावसाळ्याचे तीन महिने बौद्ध भिक्षू भटकंती थांबवून एका जागी राहत, अध्ययन आणि ध्यान करत; त्याला वर्षावास म्हणतात. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत जाऊन बघा. मधे दालन आणि भोवती भिक्षूंच्या कोठड्या. आपला हरिनाम सप्ताह हाही एक प्रकारे त्याच जातीचा. सात दिवस ज्ञानेश्वरीचे पारायण, रात्री कीर्तन आणि शेवटी काला. फरक एवढाच की सप्ताहात साधना आवाजातून होते. टाळ, मृदंग, शेजाऱ्याचा सूर यांच्या आधाराने माणूस तरंगत पुढे जातो. विपश्यनेच्या शिबिरात हे सगळे आधार काढून घेतात.

विपश्यना म्हणजे विशेष रीतीने पाहणे, जसे आहे तसे पाहणे. ही पद्धत भारतात पुन्हा रुजवली सत्यनारायण गोएंका यांनी. १९२४ साली ब्रह्मदेशात मंडाले इथे जन्मलेला हा मारवाडी व्यापारी. अर्धशिशीच्या असह्य दुखण्याने १९५५ मध्ये त्यांना सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे नेले. हे गुरू कोणी संन्यासी नव्हते. ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल होते, हिशेब तपासणारे गृहस्थ! मला ही गोष्ट फार आवडते. १९६९ मध्ये गोएंका भारतात आले आणि त्यांचे इथले पहिले शिबिर मुंबईत झाले. इगतपुरीचे केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैद्यांचे शिबिर भरले. २०१३ मध्ये गोएंका गेले, पण शिबिरात आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येतात.

दिवस पहाटे चारच्या घंटेने सुरू होतो. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग न्याहारी. अकराला जेवण. संध्याकाळी पाचला चहा, आणि नव्या साधकाला सोबत थोडे काहीतरी किंवा फळ. रात्रीचे जेवण नाही. सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. बेरीज केली तर दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक भरते. वाचायचे नाही, लिहायचे नाही, फोन जमा करायचा. स्त्रिया आणि पुरुष वेगळे राहतात. आपला नेहमीचा जप, पूजाअर्चाही तेवढे दिवस बाजूला ठेवायची. आमच्यातल्या एका गृहस्थांना हे शेवटचे सर्वांत जड गेले, असे ते दहाव्या दिवशी म्हणाले.

पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा. तो मुद्दाम लांब करायचा नाही, मोजायचा नाही. नाकपुड्यांशी तो येताना-जाताना कुठे लागतो, तेवढेच पाहायचे. ऐकायला सोपे वाटते. मी पहिल्या तासात विजेचे बिल, गाडीचा विमा आणि वाडीचे कुंपण एवढे सगळे फिरून आलो. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात. डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवायचे आणि जी संवेदना असेल ती नुसती पाहायची. सुखद असली तर तिला धरायचे नाही, दुखरी असली तर झटकायचे नाही. मग दिवसातून तीनदा तासभर हात, पाय आणि डोळे न हलवता बसायचे. याला अधिष्ठान म्हणतात. गुडघ्याचे काय होते ते सांगत नाही.

आता मौनाविषयी. याला आर्य मौन म्हणतात. शेजाऱ्याशी बोलायचे नाही, खाणाखुणा नाहीत, नजरानजरसुद्धा टाळायची. आचार्यांना शंका विचारता येते, राहण्याजेवण्याची अडचण असली तर धम्मसेवकांना सांगता येते. मला वाटले होते, मौन ही आपली सवयीची गोष्ट. पाचव्या दिवशी चूक कळली. अबोल्यात माणूस गप्प नसतोच. भावाशी मी आठ वर्षे मनात अखंड भांडत होतो. त्याचे संवादही मीच लिहीत होतो आणि दर वेळी जिंकत होतो. सहाव्या दिवशी सकाळच्या बैठकीत तो असाच समोर उभा राहिला. सूचनेप्रमाणे मी संवेदना पाहायला गेलो, तर घशाशी एक आवळलेली गाठ, कानशिलांत ऊब. बस, एवढेच. काही मिनिटांनी ती गाठ सैल झाली, संध्याकाळी पुन्हा आली. चमत्कार काही झाला नाही. राग गेला नाही, पण तो नेमका कुठे बसतो ते दिसले.

दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी पळून जावेसे वाटते, असे गोएंका प्रवचनात बजावतात. मीही एकदा पिशवी भरली होती. थांबलो तो निश्चयाने नव्हे. शेजारच्या खोलीतले सत्तरीचे काका थंडीत शाल गुंडाळून निघालेले दिसले, म्हणून.

याचे शुल्क नसते. शिबिर पूर्ण केल्यावरच, इच्छा असेल तर दान देता येते, आणि सेवा करणारेही जुने साधकच, बिनपगारी. यामागचा हिशेब चोख आहे. पैसे भरून गेलेला माणूस गिऱ्हाईक होतो, वरणात मीठ कमी म्हणून तक्रार करतो. दुसऱ्याच्या दानावर जेवणारा मुकाट जेवतो.

हा धर्म की नुसता मनाचा व्यायाम, असे मला विचारतात. शिबिरात सर्व धर्मांचे लोक येतात, कोणाला धर्म बदलायला सांगत नाहीत. पण सुरुवातीला पंचशील घ्यावे लागते, कानावर पाली वचने पडतात, प्रवचने बुद्धाच्या शिकवणुकीची असतात. तेव्हा धर्माशी काही संबंध नाही, हे म्हणणे मला पटत नाही. तो संबंध मान्य करून जावे, हे बरे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. हे शिबिर म्हणजे विश्रांती नव्हे आणि औषधही नव्हे. ज्यांना तीव्र नैराश्य किंवा अन्य मानसिक आजार आहे, त्यांना इतक्या तासांचा एकांत बाधू शकतो. प्रवेश अर्जात प्रकृतीची माहिती विचारतात. ती खरी भरा. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि कोणाच्याही सांगण्यावरून चालू गोळ्या परस्पर बंद करू नका.

दहाव्या दिवशी मंगल मैत्रीची साधना झाली की मौन सुटते. तो कलकलाट ऐकण्यासारखा असतो! दुसऱ्या दिवशी सकाळी परतताना इगतपुरी स्टेशनवर मी भावाचा नंबर काढला आणि परत फोन खिशात ठेवला. धीर व्हायला सात महिने लागले. जुलैत, भर पावसात फोन केला. पलीकडून बराच वेळ काही नाही. मग तो म्हणाला, "कोपऱ्यातला माड पडला परवाच्या वाऱ्यात. कौलं फुटली." मी विचारले, किती? तो म्हणाला, "ये, बघ."

वाटणी अजून झालेली नाही. सातबाऱ्यावर वडिलांचेच नाव आहे, आणि पुढच्या महिन्यात आम्ही दोघे तलाठ्याकडे जाणार आहोत.