शोधनियतकालिकाची निवड

शोधनियतकालिकाची निवड : तांत्रिक वा शास्त्रीय संशोधनाचा निबंध प्रसिद्धीसाठी कोणत्या नियतकालिकाकडे पाठवावा, हे ठरविण्याची प्रक्रिया. निष्कर्ष अभ्यासकांपर्यंत पोहोचणे, ते तपासले जाणे व त्यांची कायम नोंद राहणे ह्या गोष्टी बहुतांशी ह्या निवडीवर अवलंबून असतात.

प्रथम नियतकालिकाची विषयकक्षा व वाचकवर्ग पाहतात. त्यासाठी अलीकडील अंक चाळणे आणि आपल्या निबंधातील संदर्भ मुख्यतः कोणत्या नियतकालिकांतील आहेत हे पाहणे उपयुक्त ठरते. त्यानंतर संपादक मंडळ, तज्ज्ञांकडून होणारे परीक्षण, प्रसिद्धीस लागणारा काळ व खर्च ह्यांचा विचार करतात. प्रभावांक हा नियतकालिकातील निबंधांना सरासरीने मिळणाऱ्या संदर्भांचा निदर्शक असतो. त्यावरून एकेका निबंधाची गुणवत्ता ठरत नाही. एकच निबंध एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे पाठविणे अनुचित मानतात.

ह्या संदर्भात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) ह्यांचे उदाहरण उद्‌बोधक आहे. त्यांचा जन्म तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणू येथे व माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. पुढे ते देवळालीस शालेय शिक्षक होते. १, १२१, १२३२१ इ. संख्यांचा समावेश असलेल्या एका संख्यागटाला त्यांनी ‘डेम्लो’ (आताचे डोंबिवली) ह्या रेल्वेस्थानकावरून ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. त्यांवरील निबंध भारतीय गणित परिषदेच्या द मॅथेमॅटिक्स स्टुडंट मध्ये १९३८ साली आला. ६१७४ ह्या संख्येच्या गुणधर्मावरील निबंध १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या नियतकालिकाचा भर गणिताचा इतिहास, तत्त्वज्ञान व सुबोध विवेचन ह्यांवर असल्याने तेथे अशा विषयाला स्थान होते. काही गणितज्ञ कापरेकरांचे विषय क्षुल्लक समजत. त्यांचे पुष्कळसे लेखन स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांतच राहिले. मार्टिन गार्डनर ह्यांनी १९७५ साली सायंटिफिक अमेरिकन मध्ये त्यांच्याविषयी लिहिल्यावर त्यांची जगभर ख्याती झाली.

शुल्क घेऊन परीक्षणाविना निबंध छापणाऱ्या फसव्या नियतकालिकांमुळे ही निवड अधिक कठीण झाली आहे. पदवी व पदोन्नती ह्यांसाठी निबंधांची संख्या मोजली जाऊ लागल्याने त्यांना वाव मिळाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. त्यानंतर केलेली ‘केअर’ ही यादीही २०२५ मध्ये बंद केली. त्यामुळे ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील महाविद्यालयीन संशोधकांवर, सर्वत्रच्या संशोधकांप्रमाणे, नियतकालिक स्वतः पारखून घेण्याची जबाबदारी येते.