पकडलेला नट (घरची यंत्रं, घरची दुरुस्ती : लेखांक सहावा)

कार्बुरेटर गेल्या आठवड्यात साफ झाला. आता गवत कापायचं यंत्र कलतं करून त्याचं पातं काढू. त्याआधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवा. पातं हाताने फिरवलं तरी इंजिन धक्का देऊ शकतं. पेट्रोल काढून घ्या आणि यंत्र कलतं करताना एअर फिल्टरची बाजू वर राहील असं बघा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं.

खरी अडचण यापुढे येते. नरपड, घोलवड, बोर्डी या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये काही पावसाळे काढलेल्या यंत्राचा नट पान्याला दाद देत नाही. लोखंड गंजतं तेव्हा तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये फट असते ती मिलिमीटरच्या एखाद्या अंशाची. तिथे गंज धरला की तो फुगून दोन्ही बाजू दाबून धरतो. खारी हवा हे काम वेगाने करते, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि धातूवर ओल टिकवून ठेवतं. तलासरीच्या आतल्या गावांत मिठाचा हा त्रास कमी, पण तिथेही पावसाळ्यात कापलेलं हिरवं गवत पात्याच्या वरच्या पत्र्याला थापलं जातं, तसंच राहतं, आणि नट त्या ओल्या थराखाली महिनोन्‌महिने कुजत पडतो. यंत्र ठेवून देण्याआधी तो थर खरवडून काढला, तर या लेखांकातलं अर्धं काम करावंच लागणार नाही.

नट हलला नाही की पान्याला लांब पाइप लावायची घाई होते. ती टाळावी, असं मला फार तळमळीने सांगायचं आहे. १० मिलिमीटरचा चांगल्या प्रतीचा बोल्ट साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटरला आवळतात. एक मीटर पाइपच्या टोकाला २० किलोचा भार दिला की जोर होतो जवळजवळ २०० न्यूटन-मीटर. एवढ्या जोराने गंज सुटायच्या आत बोल्ट तुटतो. पात्याचा बोल्ट बऱ्याच यंत्रांत थेट क्रँकच्या टोकात बसलेला असतो. तो आत तुटला, तर काही रुपयांच्या बोल्टपायी अख्खं इंजिन उघडावं लागतं.

म्हणून आधी वायर ब्रशने बाहेर दिसणारे आटे स्वच्छ करा. मग पातळ, आत झिरपणारं तेल घाला. साधं इंजिन ऑइल जाड असतं, ते वरच राहतं. गॅरेजमध्ये सर्रास दिसणारा डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला तयार झाला, तो मुळात धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. थोड्या गंजलेल्या नटाला तो पुरतो. फार जुन्याला खास गंज सोडवणारं तेल बरं. कोणतंही घातलं तरी ते रात्रभर मुरू द्या आणि मधूनमधून पुन्हा घाला.

तेल मुरत असताना हातोडा हाती घ्या. नटाच्या एका चपट्या बाजूला दुसरा जड हातोडा टेकवून धरा आणि समोरच्या बाजूला ठोके द्या. मग नट फिरवून नव्हे, जागा बदलून पुढच्या दोन बाजूंना तसंच करा. ठोक्यांनी गंजाचा थर तडकतो आणि त्या तड्यांतून तेल आत उतरतं. बोल्टच्या टोकावर मात्र मारू नका. आटे चेपले की सुटलेला नटसुद्धा बाहेर येत नाही.

पाना निवडताना घाई नको. रिंग पाना किंवा सहा कोनांचा सॉकेट वापरा, उघड्या तोंडाचा पाना कोपरे खातो. जुन्या विलायती यंत्रांचे नट इंचांत असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर; त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर आला की घसरतो आणि नट गोल होतो.

दिशाही तपासा. चिकूच्या झाडांखाली खांद्याला अडकवून चालवतात त्या ब्रश कटरच्या पात्याच्या नटाला बहुधा उलटे आटे असतात. नेहमीच्या सवयीने सोडवायला गेलात तर तो आणखी घट्ट होत जातो, आणि माणूस दोष गंजाला देतो. दिशा पक्की झाली की आधी नट किंचित आवळून पाहा, मग सोडवा. कर्र असा आवाज येऊन जरासा हलला, तर पुन्हा तेल, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. एका दमात सोडवायला जाऊ नका. निघालेला गंजाचा चुरा आट्यांत अडकून नट पुन्हा पकडतो.

एवढ्यानेही भागलं नाही तर उष्णता. नट तापला की बोल्टच्या आधी फुगतो आणि पकड ढिली होते. चाकांचा पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात पकडला असेल, तर भोवतालचं ॲल्युमिनियम तापवा. ते पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. पण क्रँकच्या टोकाजवळ ज्योत नेऊ नका, तिथे वरच ऑइल सील असतं आणि ते जळतं. फवारलेलं तेलही पेट घेतं, म्हणून ते आधी पुसून घ्या. वाडीतल्या सुक्या गवतावर, पेट्रोलच्या डब्याशेजारी हे काम अजिबात करायचं नाही.

शेवटचा उपाय नट कापण्याचा. त्यात काही कमीपणा नाही. नट स्वस्त असतो, जपायचा असतो तो बोल्ट. नटाच्या एका बाजूला करवतीने बोल्टच्या लांबीच्या दिशेने, आटे लागायच्या जरा आधीपर्यंत काप द्या आणि त्या खाचेत छिन्नी ठेवून ठोका. नट उमलतो, बोल्ट शाबूत राहतो.

परत बसवताना नवा नट घ्या आणि आट्यांना तांब्याचं ग्रीस लावा. ग्रीस लावलेला नट कोरड्यापेक्षा कमी जोरात घट्ट बसतो, तेव्हा नेहमीपेक्षा हात जरा आवरता घ्या. पुढच्या लेखांकात काढलेल्या पात्याला धार लावू आणि त्याची दोन्ही टोकं समतोल आहेत का, ते खिळ्यावर टांगून बघू.