उपदेश आणि विश्वास

मुलांना चांगल्या सवयी लावणे हे शाळेचे नित्याचे कार्य होय. त्यासाठी शिक्षक बहुधा उपदेशाचा अवलंब करतो. तथापि, “तुम्ही स्वच्छता राखली पाहिजे” या वाक्यात “तुम्ही ती राखत नाही” असा आरोप दडलेला असतो, आणि मुलांच्या मनाला तोच आधी जाणवतो.

रिचर्ड मिलर, फिलिप ब्रिकमन व डायना बोलेन या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेला शिकागो येथील प्रयोग या दृष्टीने मननीय आहे. त्यात पाचवीचे तीन वर्ग घेतले होते. एका वर्गाला आठ दिवस स्वच्छतेचे महत्त्व समजावून देण्यात आले. दुसऱ्या वर्गाला तितकेच दिवस शिक्षक, मुख्याध्यापक व सफाई कामगार निरनिराळ्या निमित्ताने सांगत राहिले, की हा वर्ग स्वच्छता राखणारा आहे. तिसऱ्याला काहीच सांगितले नाही. पुढे मुलांना कागदात गुंडाळलेल्या वस्तू देऊन, त्यांतील किती कागद टोपलीत पडतात हे मोजण्यात आले. दुसरा वर्ग सरस ठरला. दोन आठवड्यांनंतरच्या चाचणीतही त्याची सवय टिकून होती. उपदेशाचा परिणाम मात्र ओसरला होता.

याचे कारण उघड आहे. “आम्ही असे आहोत” ही भावना एकदा रुजली, की मूल तिला साजेसे वागू पाहते. मग शिक्षक वर्गात नसला तरी चालते.

हे साधन प्रभावी आहे, म्हणूनच ते जपून वापरावे. “हा आळशीच” असा शिक्काही याच मार्गाने मुलाच्या मनात घर करतो. उलट, खोटी स्तुती म्हणजे खुशामत. ती मुले ओळखतात आणि शिक्षकाच्या शब्दाचे मोल उतरते. म्हणून शिक्षकाने प्रथम पाहावे, मग बोलावे. एखाद्याने न सांगता पडलेला कागद उचलला, तर त्याच कृतीचा उल्लेख करून “तुला वर्ग स्वच्छ आवडतो” एवढे म्हणावे. एकाच्या कौतुकात दुसऱ्याची निंदा मिसळू नये.

योग्यायोग्यतेची कसोटी सोपी आहे. आपण असे का बोललो, हे त्या मुलाला व त्याच्या पालकांना मोकळेपणी सांगता येत असेल, तर तो संस्कार होय. लपवावेसे वाटत असेल, तर ती फसवणूक समजावी.