न जळणारं प्लास्टिक चिखलात गेल्यावर

धरमतर खाडीला ओहोटी लागली की तिवरांच्या मुळांत अडकलेला कचरा उघडा पडतो. त्यात जुन्या टीव्हीचं मागचं काळं झाकण दिसलं, तर जरा थांबून बघावं. अशा झाकणांत वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास अग्निरोधक रसायन असायचं, बहुधा डेकाबीडीई. दोन बेंझिन कडी, त्यांना जोडणारा एक ऑक्सिजन आणि भोवती दहा ब्रोमीन अणू, अशी त्याची रचना. उष्णता वाढली की ब्रोमीन सुटतो आणि ज्वाला पसरवणाऱ्या क्रियाशील कणांना अडवतो. आगीत माणसं वाचावीत म्हणून केलेली ही योजना.

अडचण अशी की हे रसायन प्लास्टिकच्या रेणूंशी बांधलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं. प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होऊन झिजलं की तेही बाहेर पडतं.

पुढे दोन वाटा. पहिली उन्हाची. अतिनील किरणांनी कार्बन-ब्रोमीन बंध तुटतो आणि एकेक ब्रोमीन गळतो. प्रयोगशाळेत टोल्यूइनमध्ये विरघळवलेलं डेकाबीडीई काही मिनिटांत मोडू लागतं; गाळाच्या कणांना चिकटलेलं असेल तर कित्येक तास, दिवस लागतात. आणि आपल्या खाड्यांचं पाणी इतकं गढूळ, की ऊन खोलवर पोचतच नाही.

मग उरतो चिखल. खाजणातला काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा चिखल म्हणजे प्राणवायू संपलेली जागा. तिथले काही जिवाणू ब्रोमीन काढून त्या जागी हायड्रोजन बसवतात, पण फार सावकाश. त्याला अनेक वर्षं, कधी दशकं लागतात.

इथेच फसगत होते. ‘विघटन झालं’ म्हणजे विष संपलं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दहा ब्रोमीनचा अवजड रेणू सजीवांच्या शरीरात सहज शिरत नाही. चार-पाच ब्रोमीन उरलेला लहान रेणू मात्र पेशींत शिरतो, चरबीत साठतो आणि गाळातल्या किड्यांकडून चिंबोरीत, माशांत, पुढे माणसांत जातो. ही लहान संयुगं फोमसाठी थेटही विकली जात. स्वीडनमध्ये जपून ठेवलेल्या आईच्या दुधाच्या नमुन्यांत 1972 ते 1997 या काळात अशा संयुगांचं प्रमाण दर पाच वर्षांनी साधारण दुप्पट होत गेलेलं आढळलं.

अशा चिवट विषारी रसायनांवर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात ही लहान संयुगं 2009 मध्ये आणि डेकाबीडीई 2017 मध्ये आलं. भारताने 2018 च्या नियमांनी लहान संयुगांवर बंदी घातली. पण आधी विकलेल्या वस्तू अजून घरांत, भंगारात आहेत.

तिसरी वाट माणसाने काढलेली आणि सर्वांत वाईट: तांब्यासाठी असं भंगार उघड्यावर पेटवणं. अर्धवट जळताना त्यातून ब्रोमीनयुक्त डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात. म्हणून जुना टीव्ही किंवा संगणक खाडीकाठी टाकू नका, जाळू नका, कुणाला जाळू देऊ नका. तो अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रातच द्या.