पुराचा गाळ ओळखा, मगच नांगर घाला



ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेकाठची उसाची रानं पाण्याखाली गेली. पूर ओसरला की, "गाळ बसलाय, आता खत कमी घातलं तरी चालतंय," असं काहीजण म्हणतात. पण सगळा गाळ सारखा नसतो.

जोराचं पाणी वाळूसुद्धा ओढून नेतं. जोर कमी झाला की आधी जड वाळू टाकतं, मग पोयटा. चिकणमाती शेवटी, साचलेल्या पाण्यातून बसते. म्हणून काठ फुटला तिथं वाळू, तर आतल्या सखल रानात बारीक गाळ. बांधाला बांध असला तरी दोन रानांचा इलाज वेगळा.

काचेच्या बरणीत मूठभर गाळ आणि पाणी घालून हलवा व ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला जाते. पोयट्याला काही तास लागतात. चिकणमातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसतं.

वाळूचा जाड थर नांगरून आत घालू नका, काढून टाका. त्यात पाणी व खत टिकत नाही. पोयट्याचा पातळ थर वाफशावर मातीत मिसळावा. चिकण गाळाची खपली फोडून मुळांना हवा मिळू द्यावी. खताचा डोस माती तपासूनच ठरवावा.

आणि हे ध्यानात ठेवा : आलेला गाळ वरच्या अंगाच्या कुणाच्या तरी रानातला आहे. आपलंही रान असंच खाली जातं. पाचट जाळू नका, काठावरची झाडं तोडू नका.

— ऊस विकास अधिकारी